बाधा, धसका, वेड : शिरूर-दौंड परिसरातील मनोव्यथेची भाषा आणि साहाय्याच्या वाटा

(१)

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुक्यांची ठाणी होत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला इंग्रजांच्या फौजेची छावणी पडली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दौंडला लोहमार्ग आला आणि मनमाडकडे जाणारा फाटा निघाल्यावर ते मोठे जंक्शन झाले. आज रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे, उसाच्या शेतीमुळे आणि पुण्याच्या सान्निध्यामुळे या परिसरातील तरुणांचे जीवन झपाट्याने पालटले आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, रोज आगगाडीने पुण्याच्या महाविद्यालयात जाणारा, किंवा कंत्राटी कामगार म्हणून तिन्ही पाळ्या करणारा असा हा तरुण वर्ग आहे.

या वर्गातील एखाद्या मुलाचे वा मुलीचे मन आजारी पडले, तर ‘आता कोणाला तरी दाखविले पाहिजे’ हे वाक्य घरात उच्चारले जाण्यास किती काळ लागतो, आणि तो का लागतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. दवाखान्याचे अंतर, पैसा आणि लोकलज्जा ही त्याची कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीही आहेत. परंतु त्यांच्याही आधी एक कारण येते. घरातील माणसे त्या व्यथेला कोणते नाव देतात आणि कोणत्या वाक्यात बसवितात, यावर पुढील पाऊल कोणत्या दिशेने पडणार हे बहुतांशी ठरते. ही नावे व या वाक्यरचना एका दिवसात घडलेल्या नाहीत. त्यांना इतिहास आहे. तो इतिहास आणि साहाय्याच्या संस्थांचा इतिहास एकत्र ठेवून पाहावा, एवढाच येथे हेतू आहे.

(२)

मराठीत मनोव्यथेला शब्द नाहीत आणि ते इंग्रजीतून आणावे लागले, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो निराधार आहे. घोर लागणे, धसका बसणे, हाय खाणे, कुढणे, झुरणे, खंगणे, हुरहुर लागणे, मनाला लावून घेणे, मन उडणे, अन्न गोड न लागणे, माणसांतून उठणे ही यादी कितीतरी वाढविता येईल. यांतील बरेचसे शब्द १८३१ व १८५७ या दोन्ही आवृत्त्यांतून मोल्सवर्थने सिद्ध केलेल्या कोशाच्या काळाइतके तरी जुने असून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तही ते नांदत आहेत. तेव्हा उणीव शब्दांची नाही. हे शब्द ज्या वाक्यरचनांत वावरतात त्या कोठे नेऊन पोचवितात, हे पाहिले पाहिजे.

स्थूलमानाने अशा तीन रचना दिसतात. पहिलीत भोगणारी व्यक्ती चतुर्थीत असते : ‘त्याला घोर लागला’, ‘तिला धसका बसला’, ‘त्याला बाहेरचे झाले’. येथे कर्तेपण व्यथेकडे आहे. ती कोठून तरी येते, लागते, बसते. दुसरीत व्यक्तीच कर्ता होते : ‘त्याने हाय खाल्ली’, ‘तिने मनाला लावून घेतले’, ‘तो उगीच कुढतो’. येथे व्यथा ही भोगणाऱ्याची कृती ठरते. तिसरी रचना विधानाची आहे : ‘तो वेडा आहे’. येथे व्यथा ही कोणाला आलेली किंवा कोणी ओढवून घेतलेली वस्तू राहत नाही. ती त्या माणसाची ओळखच होते.

या तीन रचनांतून तीन वाटा फुटल्या. जे बाहेरून लागले ते बाहेर काढणाऱ्याकडे न्यावयाचे. जे स्वतः घेतले ते स्वतःच सोडावयाचे. आणि जो वेडा ठरला त्याला कचेरीच्या स्वाधीन करावयाचे. वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जाणारी वाट या तिन्हींपैकी एकीतूनही सरळ निघत नाही.

(३)

पहिली वाट बाधेची. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भूतबाधेविषयी विस्तृत माहिती दिली आहे. महाराष्ट्रातील भुतांच्या या प्रकारांकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा. हडळ व अळवंतीण म्हणजे गरोदरपणी वा बाळंतपणाच्या दिवसांत मेलेल्या स्त्रिया. म्हणजे या यादीत बरीचशी अकाली मेलेली, अपुऱ्या इच्छांची तरुण माणसे आहेत. आणि ती ज्यांना ‘धरतात’ तीही पुष्कळदा तरुणच असतात. तारुण्य ही मनाला इजा होण्याची अवस्था आहे हे या समाजाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. त्याने ते भुतांच्या परिभाषेत सांगितले, इतकेच.

बाहेरची शक्ती नेहमी बाधकच असते असेही नाही. शिरूर येथे १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासच्या गावांतील लोक ‘सत्पुरुष’ म्हणून भजत आणि सुगीच्या वेळी तेथे नव्या धान्याचा नैवेद्य आणीत, असे त्याच गॅझेटियरमध्ये नमूद आहे. परक्या सैन्याचा अधिकारीही मेल्यावर गावाचा राखणदार होऊ शकतो, इतका हा विश्वास व्यापक होता.

या वाटेचा एक गुण मान्य केला पाहिजे. ‘तिला बाहेरचे झाले’ या वाक्यात त्या मुलीवर दोष येत नाही. सासरी जे बोलता येत नाही ते अंगात आल्यावर बोलता येते, आणि घरातील माणसे ते हात जोडून ऐकतात. अंगारा, उतारा, देवऋषीकडची खेप यांत घरचे लोक तिच्याभोवती जमतात. परंतु त्याबरोबरच तिचे खरे कारण झाकले जाते, महिनोन् महिने वाया जातात आणि भूत काढण्याच्या नावाखाली मारहाणही होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी दीर्घकाळ ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने संमत केला. भूत उतरविण्याच्या मिषाने केलेली मारहाण व छळ हा या कायद्याने गुन्हा ठरला. कायद्याने मारणाऱ्याचा हात धरला हे योग्यच झाले; परंतु ‘बाहेरचे झाले’ या वाक्याच्या जागी कोणते वाक्य यावे, हे कायदा सांगू शकत नाही.

(४)

दुसरी वाट घराची. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा आपल्याकडील सांत्वनाचा सर्वांत रूढ प्रकार. त्यात माया असते, परंतु व्याकरणाने तो सारा भार भोगणाऱ्यावर टाकतो. लावून घेतले आहे ते तूच. तेव्हा सोडावयाचे तेही तूच.

या सल्ल्याची मर्यादा या परिसराच्या इतिहासातच दिसते. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव करून त्यांच्या वह्या व रोखे हस्तगत केले. हा उठाव लवकरच शिरूर तालुक्यात व शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरला. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. घोर हा शब्द ज्या घरांत रोज बोलला जात होता, त्या घरांतील घोराचे कारण रोख्यात, व्याजात व दिवाणी हुकूमनाम्यात होते. ‘घोर करू नकोस’ असे सांगून तो गेला नसता. रोख्याची व्यवस्था लागणे अवश्य होते. मनाच्या व्यथेला बाहेरचे कारण असते, ते भुताखेताचे नसून व्यवहाराचे असू शकते, आणि त्यावरचा इलाज एकट्याच्या मनोनिग्रहाने होत नाही, ही गोष्ट १८७५ च्या या प्रकरणातून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण दौंड तालुक्यातील केडगावचे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले, पुढील वर्षी ते पुण्यास आणले आणि नंतर केडगाव येथे जमीन घेऊन ‘मुक्ती’ या संस्थेची उभारणी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून शेकडो निराधार मुली व तरुण विधवा येथे आणल्या. रमाबाईंनी स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आईबाप गमावले होते, पुढे भाऊ गमावला होता, आणि १८८२ मध्ये, वयाची चोविशी पुरी होण्याआधी, त्यांच्या पदरी तान्ही मुलगी टाकून पती निवर्तले होते. शोकाने झुरणाऱ्या मुलीला ‘झुरू नकोस’ असे सांगून भागत नाही, हे त्यांना पुस्तकावरून शिकावे लागले नाही.

केडगावात काय होते? पोटभर अन्न होते, ठरलेल्या वेळी ठरलेले काम होते, लिहिणे-वाचणे होते, छापखाना व विणकाम होते, आणि समदुःखी मुलींची सोबत होती. आज मानसोपचाराच्या पुनर्वसन शाखेत ज्या गोष्टींना महत्त्व दिले जाते त्यांतील पुष्कळ येथे होत्या. या संस्थेतील धर्मांतरावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला, आणि तो केवळ सनातन्यांचा आकस होता असे म्हणून निकालात काढता येणार नाही. आश्रयासाठी घर, जात व अखेर धर्मही मागे टाकावा लागत असेल तर ते साहाय्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. या परिसरात दुःखी तरुणीला ‘वेडी’ ठरविल्याशिवाय आणि ‘बाधित’ ठरविल्याशिवाय दार उघडणारी मोठी संस्था प्रथम केडगावात उभी राहिली.

(५)

तिसरी वाट कचेरीची. १८५८ च्या कायद्याने व त्याच्या जागी आलेल्या १९१२ च्या भारतीय लूनसी कायद्याने वेड हा मुख्यतः बंदोबस्ताचा विषय मानला. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलिसाने धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि हुकूम घेऊन इस्पितळात पाठवावे, किंवा नातेवाइकांनी डॉक्टरी दाखल्यांसह अर्ज करावा, अशी ही पद्धती होती. स्वेच्छेने दाखल होण्याची सोय १९१२ च्या कायद्यात होती खरी, परंतु लोकांच्या डोळ्यांपुढे असे ते पोलीस आणि हुकूम.

पुणे जिल्ह्यापुरते हे सारे येरवडा या एका नावात साठले. येरवड्यास मध्यवर्ती कारागृह आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. अडीच हजारांहून अधिक खाटांचे हे रुग्णालय देशातील मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक होय. ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथेही अशी रुग्णालये असली, तरी शिरूर-दौंडच्या बोलीत ‘येरवड्याला पाठवा याला’ एवढे म्हटले की पुरे. हे वाक्य थट्टेत म्हटले जाते, आणि ते कारागृहाविषयी आहे की रुग्णालयाविषयी हे प्रसंगावरून ओळखावे लागते. गुन्हा आणि आजार यांचा एवढा एकजीव झालेला स्थलवाचक शब्द सहसा सापडणार नाही. १८६० च्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा होता हे लक्षात घेतले, म्हणजे या एकजीवतेचे आश्चर्य वाटत नाही.

कायद्याची भाषा मात्र पुढे हळूहळू बदलली. १९१२ च्या कायद्यातील शब्द ‘लूनॅटिक’, म्हणजे नुसता ‘वेडा’, हा होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘मनोरुग्ण व्यक्ती’ अशी योजना केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ असा प्रयोग आला. नाम, मग विशेषण, मग ‘असलेली’ हे संबंधदर्शक कृदन्त, असा हा शंभर वर्षांचा प्रवास आहे. ‘तो वेडा आहे’ येथून निघून कायदा ‘त्याला आजार आहे’ येथवर आला. म्हणजेच बोलीतील पहिल्या, निर्दोष अशा चतुर्थीच्या रचनेजवळ आला. २०१८ पासून अंमलात असलेल्या या कायद्याने सरकारी वा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर तो जुना सर्वसाधारण गुन्हाही ठेवलेला नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतेच कलम उरले आहे.

(६)

कायदा बदलला तशी बोलीही बदलली, असे वरवर पाहता वाटेल. गेल्या दोन पिढ्यांत टेन्शन, डिप्रेशन, मेंटल, सायको हे शब्द खेड्यापाड्यांत पोचले. परंतु ते ज्या रचनांत बसले त्या पाहण्यासारख्या आहेत. ‘टेन्शन आले’ ही चतुर्थीची जुनी रचना. ‘टेन्शन घेऊ नको’ ही कर्त्यावर भार टाकणारी, ‘मनाला लावून घेऊ नको’ हिचीच सख्खी बहीण. आणि ‘तो मेंटल आहे’ हा ‘तो वेडा आहे’ याचा नवा अवतार. शब्द इंग्रजी आले, वाटा जुन्याच राहिल्या. म्हणून नवे शब्द पसरल्याने जाणीव वाढली, असे अनुमान करणे घाईचे होईल.

एक रचना मात्र नवी दिसते : ‘तो डिप्रेशनमध्ये गेला’. येथे व्यथा ही एक जागा आहे. माणूस तेथे जातो आणि ‘बाहेर येतो’ही. जाणे-येणे यांत काळ आहे आणि परतण्याची शक्यता गृहीत आहे. तरुणांनी ही रचना उचलली ती केवळ अनुकरणाने नव्हे. तिच्यात त्यांना दोषही नाही आणि शिक्काही नाही, असे आम्हांस वाटते.

विद्वानांनी घडविलेल्या परिभाषेचाही येथे विचार केला पाहिजे. ‘नैराश्य’ हा शब्द परीक्षेत दोन गुण कमी पडल्यावरच्या खिन्नतेलाही चालतो आणि उपचाराची गरज असलेल्या विकारालाही. त्यामुळे दुसऱ्याचे गांभीर्य पहिल्यात बुडून जाते. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ आहे. ज्या मुलाने आयुष्यभर उपदेशच ऐकला त्याला या नावाच्या खोलीत जावेसे वाटले नाही, तर नवल नाही. वस्तुतः समुपदेशकाचे पहिले काम ऐकून घेण्याचे असते.

(७)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साहाय्य केव्हा घ्यावे? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्के मुलांत मनोविकार आढळले. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसून आले. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून हे आकडे शिरूर-दौंडला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु प्रश्न थोड्यांचा नाही आणि उपचार थोड्यांनाच मिळतात, एवढे त्यांवरून दिसते. मनोविकारांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होतो, असेही संशोधकांना आढळले आहे. म्हणजे शाळेच्या आठवी-नववीच्या वर्गांत या इतिहासाचे पहिले पान लिहिले जात असते.

येथे आपल्या जुन्या वाक्प्रचारांचा उपयोग आहे. झोप उडणे, अन्न गोड न लागणे, कामावरून मन उडणे, माणसांतून उठणे, खंगत जाणे ही केवळ अलंकारिक वचने नव्हेत. ती निरीक्षणे आहेत. डॉक्टर उदासीनतेच्या विकाराचे निदान करताना झोप, भूक, रस, थकवा, एकाग्रता व स्वतःविषयीची हीन भावना यांचीच चौकशी करतात, आणि ही लक्षणे दोन आठवडे, बहुतेक दिवस व दिवसाचा बहुतेक वेळ टिकली आहेत काय, हे पाहतात. बोलीने लक्षणे नोंदविली होती. मुदत घातली नव्हती. ‘होईल हळूहळू बरे’ यातील ‘हळूहळू’ ला सीमा नव्हती. आधुनिक शास्त्राने मुख्यतः ती सीमा दिली. दोन आठवडे झोप, जेवण आणि माणसे ही तिन्ही तुटली असतील, किंवा अभ्यास व काम थांबले असेल, तर सल्ला देणे थांबवून डॉक्टरला दाखवावे.

काही गोष्टींत मात्र दोन आठवडेही थांबू नये. ‘मी नसलो तर बरे होईल’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकणे, स्वतःला इजा करणे ही त्याच दिवशी साहाय्य मागण्याची कारणे होत. मरणाचा विचार मनात येतो काय, असे विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. विचारणाऱ्याने त्या मुलाजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि औषधे, कीटकनाशके यांसारख्या वस्तू दूर ठेवाव्यात. शेतकरी घरांत ही शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे.

वाटही आता पूर्वीइतकी लांब नाही. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने आणि १९९६ पासूनच्या जिल्हा कार्यक्रमाने मनाचे उपचार सामान्य आरोग्य सेवेत आणण्याचे धोरण ठरविले. तेव्हा आरंभ येरवड्यापासून नव्हे, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयापासून करावयाचा असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर, दिवसा वा रात्री, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. मनुष्यबळ अपुरे आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ नेहमी भेटतोच असे नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु पहिली खेप लवकर झाली, तर पुढचा रस्ता सामान्य डॉक्टरही दाखवू शकतो.

शेवटी अध्यापकांसाठी एक गोष्ट. विद्यार्थी ‘मला मानसिक आजार झाला आहे’ असे म्हणत आपल्याकडे येणार नाही. ‘सर, मन लागत नाही’ असे म्हणेल. किंवा काहीच न म्हणता मागच्या बाकावर सरकेल. ‘मन लागत नाही’ हे वाक्य आपण आजवर आळसाच्या सदरात टाकीत आलो. त्याला ‘अभ्यासात लक्ष घाल’ हे उत्तर न देता ‘केव्हापासून?’ एवढा एक प्रश्न विचारावा. बाधेच्या, घराच्या आणि कचेरीच्या अशा तिन्ही जुन्या वाटांवर हा प्रश्न सहसा विचारला जात नसे. डॉक्टरकडे जाणारी चौथी वाट त्यापासून सुरू होते, आणि तो विचारण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही.